सामायिक कोठीतला माझा गुरुवार

क्षमा मागण्यासाठी पुण्याहून बेळगावापर्यंत जाण्याची वस्तुतः गरज नव्हती. ई-मेल पुरला असता. तसा तो मी चार वेळा लिहिलाही. परंतु प्रत्येक वेळी तिसऱ्या परिच्छेदापर्यंत पोहोचता पोहोचता माफीनाम्याचे बचावाचे भाषण होई आणि आरोपी सन्मानाने सुटे. शेवटी पत्नी म्हणाली, "तुम्ही समोर जाऊन उभे राहा. समोर माणूस असला की तुम्हाला एवढं सुचत नाही." तिचे निदान अचूक होते. मी तिकीट काढले.

आधी गुन्हा सांगतो, म्हणजे प्रवासाचा अर्थ लागेल.

संगणकाच्या प्रणाली लिहिणारे लोक दिसतात तितके उद्योगी नसतात. एकाने लिहिलेला कामाचा तुकडा दुसऱ्याला पुन्हा लिहावा लागू नये, म्हणून असे तुकडे एका सामायिक कोठीत ठेवण्याची आमच्यात पद्धत आहे. तिला आम्ही लायब्ररी म्हणतो. ती सर्वांना खुली असते. कोणीही न्यावे, वापरावे, सुधारून परत द्यावे. परत दिलेले कोठीत घ्यायचे की नाही, हे ठरवायला मात्र दाराशी एक राखणदार असतो. 'कामवार' नावाच्या अशा एका लायब्ररीचा राखणदार बारा वर्षे मी आहे. कोणत्या दिवशी काम चालू, कोणत्या दिवशी बंद, आणि आज बंद असेल तर पुढचा कामाचा दिवस कोणता, एवढेच ती सांगते. एवढ्याशा अधिकारानेही माणूस कसा फुगतो, हे मी माझ्यावरून सांगू शकतो.

चार वर्षांपूर्वी बेळगावच्या वैशाली नावाच्या प्रणालीकार तरुणीने या कोठीसाठी एक तुकडा पाठवला. तिच्या भागात देवीच्या यात्रेआधी काही आठवडे गावे 'वार पाळतात'. त्या वारी शेतात औत घालायचे नाही. अकरा गावांतल्या शेतकऱ्यांना फोनवरून ट्रॅक्टर ठरवून देणारे तिचे एक ॲप होते आणि हे पाळणुकीचे वार 'कामवार'ला कळावेत, अशी तिची इच्छा होती. मी तुकडा न वाचताच उत्तर दिले, "ही स्थानिक बाब आहे. सामायिक लायब्ररीत गावगाड्याला जागा नाही," आणि तिचा प्रस्ताव बंद केला. 'गावगाडा' हा शब्द सुचल्याचा त्या दिवशी मला आनंद झाला होता, हेही कबूल करून टाकतो.

तिने वाद घातला नाही. माझ्याच कोठीच्या भिंतीतल्या एका जुन्या खिळ्याला, म्हणजे बाहेरचे काही जोडण्याच्या एका विसरलेल्या सोयीला, तिने आपली वारांची यादी बाहेरून टांगली आणि काम चालू ठेवले. गेल्या वर्षी मी कोठीची साफसफाई काढली आणि तो खिळा उपटला. त्याला कोणाचे काही टांगलेले आहे का, ते पाहिले नाही. वळवाच्या पावसाने एका गावातले सोमवारचे ट्रॅक्टरचे काम रद्द झाले आणि आपोआप पुढच्या मोकळ्या दिवशी सरकले. तो मंगळवार होता, पाळणुकीचा. शेत वैशालीच्या वडिलांचे, आणि वडील वार ठरवणाऱ्या पाच पंचांपैकी एक. त्या दिवसापासून गावाने ॲप उघडले नाही. शेजारची गावेही एकेक करून गळू लागली. एकटीने सगळे सांभाळणे जमत नाही, म्हणून ती ॲप बंद करणार असल्याचे मला निपाणीच्या एका स्नेह्याकडून कळले.

तेव्हा मला दोन गोष्टी हव्या होत्या: तिची क्षमा, आणि तिने ॲप बंद करू नये. पहिली माझ्यासाठी, दुसरी त्या गावांसाठी. घरून निघालो तो पहिलीसाठीच.

निपाणी, शनिवार

हे स्नेही म्हणजे अण्णा. त्यांना सगळी निपाणी अण्णाच म्हणते, म्हणून मीही. तंबाखूच्या वखारींच्या हजेरीच्या प्रणाली ते लिहितात. त्यांनी मला थेट एका वखारीत नेले आणि मी शिंकू लागलो. नऊ शिंकांनंतर, डोळे पुसत, मी समोरच्या संगणकावरचे हजेरीचे पान पाहिले. सोमवार, मंगळवार, बुधवार, बुधवार दोन, शुक्रवार, शनिवार.

"अण्णा, गुरुवार कुठे गेला?"

"ते तुमीच सांगा की ओ," अण्णा म्हणाले. "गुरुवार घातला की 'आज काम बंद' म्हनतंय तुमचं कामवार. आमचा तर माल गुरुवारीच हालतोय. मग ह्या मालनआक्कानं तोडगा काढला."

मालनआक्का म्हणजे वखारीतल्या बायकांची मुकादम. तिने पदर खोचला आणि मला समजावून दिले. "आमच्यात आठवड्याला दोन बुधवार असत्यात सायेब. पयल्याला काय न्हाय. दुसऱ्याला दत्ताचा उपास."

"दुसऱ्या बुधवारी दत्ताचा?"

"मशीनला बुधवार. देवाला म्हायती हाय की गुरुवार हाय म्हनून."

मागच्या बायका खोकत होत्या की हसत होत्या, हे तंबाखूच्या धुरळ्यात नीट कळले नाही.

या गुरुवाराचे मूळ मला ठाऊक होते. माझी पहिली नोकरी भोसरीला; तिथे कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असे. 'कामवार'ची पहिली पाने लिहिताना, कोणी काही सांगितले नसेल तर कोणता वार बंद धरावा, या जागी मी गुरुवार लिहिला. लिहिताना तो मला भोसरीचा गुरुवार वाटलाच नाही, जगाचा वाटला. तो बदलण्याची सोय होती. ती कशी वापरायची, हे मात्र मी कोठेही लिहून ठेवले नव्हते. म्हणजे बेळगावचा मंगळवार स्थानिक म्हणून मी दारातून परत पाठवला आणि भोसरीचा गुरुवार बारा वर्षे कोठीच्या मधोमध मांडी घालून बसला होता.

"मला कळवायचं होतंत," मी म्हणालो.

"कळवून काय हुतंय? वैशालीचं काय झालं ते बगितलं न्हवं आमी," अण्णा म्हणाले आणि चहा मागवला. त्यांनी हे रागाने म्हटले असते तर बरे झाले असते.

निपाणीकर आग्रहात कोल्हापूरकरांना हार जात नाहीत. पुण्यात पाहुण्याला 'चहा घेणार का' असे विचारतात. इथे चहा पुढे येतो आणि मग 'आनि एक घ्या की' एवढेच विचारले जाते. चौथ्या पेल्याला मी हात जोडले.

बोरगाव, शनिवार (अनियोजित)

कन्नड लिपीतल्या प्रत्येक अक्षराला संगणकात कोणता क्रमांक आहे, हे मी झोपेतही सांगेन. कन्नड वाचता मात्र येत नाही. निपाणीच्या स्थानकावर एका पाटीवर 'ब' हे अक्षर ओळखू आले, त्याचा मला फार अभिमान वाटला आणि मी त्या बसमध्ये चढून बसलो.

"बेळगाव एक," मी कंडक्टरला म्हणालो.

"बेळगावची मागं हुबी हुती की," तो म्हणाला. "ही बोरगाव."

"पाटीवर ब होता."

"व्हय, ब हाय. म्होरली अक्षरं बी बगायची असत्यात."

साऱ्या बसने माझ्याकडे वळून पाहिले. पहिले अक्षर बघून पुढचे गृहीत धरायची माझी सवय या गृहस्थाने एका वाक्यात पकडली होती. बोरगावात उतरून मी मिरचीची भजी खाल्ली, डोळ्यांत पाणी आले. ते मिरचीचे होते, असे मी भजीवाल्याला सांगितले. परतीच्या बसची पाटी मी तीन माणसांकडून वाचून घेतली.

बेळगाव, रविवार

वैशाली टिळकवाडीतल्या एका हॉटेलात भेटली. वय पस्तीसच्या आसपास, केसांत पेन खोचलेले, बोलणे शांत. घर उचगावच्या पलीकडच्या खेड्यात, शेतकऱ्याचे. नोकरी शहरात एका कंपनीत. ॲपचे काम सकाळी नोकरीआधी. लोण्याचा डोसा येईपर्यंत मी माफी मागून संपवली. पत्नी म्हणाली होती तसेच झाले. समोर ती असल्यामुळे मला बचावाचे काही सुचले नाही आणि सगळे दोन वाक्यांत आटोपले.

"बरं," ती म्हणाली. "डोसा गार होतोय सर."

एवढ्या मोठ्या क्षणाला एवढी छोटी पोच मिळाल्याने मी गडबडलो आणि लगेच औदार्य दाखवले. "तुमचा तो तुकडा मी आजच लायब्ररीत घेतो. अकराच्या अकरा गावं, सगळे वार. इथे बसल्या बसल्या."

"आता नको."

"का?"

"घेऊन काय लिहिणार?"

"वार."

"कुठला?"

मी तोंड उघडले आणि त्यात डोशाचा तुकडा घातला.

"परवा मंगळवार, आमच्या गावचा पहिला पाळणुकीचा वार," ती म्हणाली. "गावात या. आप्पांना विचारा, वार कसा ठरतो. मग मला सांगा, ते कुठल्या ओळीत लिहिणार. ॲप बंद करायचं की न्हाय, हे मी परवाच ठरवणार आहे. मलाबी रोज सकाळी चारला उठायचा कंटाळा आलाय बघा."

मी तिला 'आप्पा माझ्यावर रागावले असतील ना?' असे विचारले. ती पहिल्यांदाच हसली. "रागावले न्हाईत. वाट बघायलेत."

पाळणुकीचा मंगळवार

ज्या दिवशी गावात कोणालाच काम नसते, त्या दिवशी परक्या माणसाने त्या गावात जाऊ नये. किंवा अवश्य जावे. परीक्षेला बसायची तयारी असेल तर. बैल गोठ्यात रवंथ करत होते, ट्रॅक्टर ताडपत्रीखाली होते आणि सारा पुरुषवर्ग देवळाच्या कट्ट्यावर मला पाहायला मोकळा होता.

आप्पा सत्तरीचे, किडकिडीत, डोक्याला टॉवेल. त्यांनी मला खालून वर पाहिले.

"ह्योच काय माझ्या शेतात ट्रॅक्टर घातलेला?"

"होय आप्पा. मीच."

"ट्रॅक्टर चालवाय येतोय?"

"नाही."

"मग न चालवताच घातलासा. लई हुशार मानूस दिसतोय रं!" कट्टा खदखदून हसला. आप्पा पुढे म्हणाले, "वार सांगितला मी, आनि मोडला बी मीच. देवीफुडं नारळ घिऊन हुबा ऱ्हायलोतो, आनि ही समदी मागनं खोकायलीती. तुमी हुता कुठं तवा?"

"पुण्यात."

"तितं काय कराय लागला हुता?"

"साफसफाई," मी म्हणालो. ते खरेच होते.

मग मी वही काढली. वार ठरवण्याचा नियम सापडला, की तो चार ओळींत लिहिता येईल, अशी माझी अजून आशा होती.

"आप्पा, हा मंगळवार अमावास्येनंतरचा पहिला असतो का?"

"कवा कवा."

"यात्रेआधी असे किती वार?"

"पाच. न्हायतर सात. एकदा तीनच केलतो."

"ते कशावरून ठरतं?"

"देवीला इच्यारतो की. कौल लावतो. दोन बाजूला फुलं लावायची. उजवं पडलं की व्हय."

"आणि डावं पडलं तर?"

"परत इच्यारायचं."

"आणि एकही पडलं नाही तर?"

"मग चा प्यायचा," आप्पा म्हणाले, "आनि परत इच्यारायचं."

मी वहीत 'चहा' असे लिहिले आणि वही मिटली.

वैशालीच्या आईने आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ वाढली. पुण्यात आम्ही आंबोळी मोजून खातो. इथे मोजणाऱ्याकडे संशयाने पाहतात. जेवण होते न होते तोच शेजारचा एक जण मुलीच्या साखरपुड्यासाठी हंडा मागायला आला. गावाच्या भांड्यांची किल्ली आप्पांकडे. ते उठले, मीही मागोमाग गेलो.

देवळाच्या अंगाला एक अंधारी खोली. हंडे, पराती, दोघांनी उचलावी लागेल अशी काहील, लांब दांड्याचे झारे, सतरंज्यांच्या वळकट्या. प्रत्येकावर देणाऱ्याचे नाव कोरलेले. कोपऱ्यात एक चकचकीत वस्तू पाहून मी थांबलो. सँडविच भाजायचे यंत्र होते. त्यावरही नाव होते, मोठ्या अक्षरांत.

"हे?"

"आमच्यातलाच एक पोरगा. पुन्याला नोकरीला गेलता. त्येला वाटलं, समद्यांना लागतंय. हितं कुनीबी वापरत न्हाय. पर नाव कोरलंया, टाकायचं कसं? कायम मधी येतंय."

मी त्या यंत्राकडे पाहत राहिलो. इतका ओळखीचा गुरुवार मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"आप्पा, इथे काय ठेवायचं आणि काय नाही, हे कोण ठरवतं?"

"ठरवायचं काय त्यात? एकाच्या घरात मावत न्हाय आनि समद्यांना लागतंय, त्ये हितं. काहील गावाची. आमटी ज्येची त्येनं करायची. कुनी आमटीच आनून ठेवाय लागला तर नासंल की." मग हंडा नेणाऱ्याला त्यांनी दम भरला, "आनि धुऊन आन रं. गेल्या बारीला भात चिकटलावता."

वैशाली दारात उभी होती. "मी त्यांना काही पढवलेलं नाही हं," ती म्हणाली.

कट्ट्यावर येऊन तिने लॅपटॉप उघडला. पाळणुकीच्या वारी हे चालते का, असे मी भीतभीत विचारले. "औत न्हाय न्हवं त्यात?" आप्पांनी वाकून पाहिले. "मग चालतंय."

ठरायला फार वेळ लागला नाही. कोठीत वार ठेवायचेच नाहीत. भोसरीचा नाही, बेळगावचा नाही. ठेवायची ती विचारण्याची सोय: इथला बंद वार सांगणारे कोण, हे गावाने नोंदवावे आणि 'कामवार'ने प्रत्येक वेळी त्यांना विचारावे. कोणी सांगितले नाही, तर स्वतःच्या मनाचे काही धरू नये, थांबावे. गुरुवार मी माझ्या हाताने काढला. एकच शब्द होता. बोट मात्र बटणावर जरा रेंगाळले.

"आता माझी एक अट," वैशाली म्हणाली. "राखणदाराची दुसरी किल्ली मला. तुम्हाला न विचारता मी घेऊ शकेन, नाकारू शकेन. न्हायतर पुढच्या साफसफाईला मी परत तुमच्या भरवशावर. तसं असेल तर आजच बंद करते ॲप."

मी तिच्या मागणीचा न्याय तत्काळ ओळखला, असे लिहायला मला आवडले असते. प्रत्यक्षात 'देतो' म्हणायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात आप्पांनी पान लावले, तोंडात घातले आणि चुन्याची डबी बंद केली. क्षमा मागायला आलेला मनुष्य किल्ली द्यायला लागला की किती जड होतो, ते त्या डबीच्या आवाजापर्यंत मला माहीत नव्हते.

"देतो," मी म्हणालो, आणि दिली.

ती आप्पांकडे वळली. "आप्पा, आता वार सांगायचं काम तुमच्याकडं. फोनवर नुसतं व्हय म्हणायचं."

"आनि चुकलं तर?"

"तर ट्रॅक्टर तुमच्याच शेतात."

"मग एकटा न्हाय म्हननार," आप्पा ठामपणे म्हणाले. "पाचीजनं म्हनतील. नारळ घिऊन हुबं ऱ्हायाचं तर पाचीजनं ऱ्हातील."

तेही लगेच लिहून घेतले. पाचही पंचांनी 'व्हय' दाबल्याशिवाय वार ठरत नाही. एका पंचाचा फोन म्हशीच्या पाण्यात पडून बंद होता. तो नवा येईपर्यंत त्यांचा 'व्हय' नातीच्या फोनवरून, असा पोटनियमही झाला. संध्याकाळी वैशालीने अकरा गावांना निरोप पाठवला की ॲप चालू राहणार आहे. तिने तो मला आधी दाखवला नाही. माझ्या आधी तो आप्पांनी वाचला, तोंडात पान असल्यामुळे नुसतीच मान हलवून.

परतीच्या वाटेवर

निघायच्या दिवशी सकाळी लॉजवर मला उत्साह आवरला नाही. कौलाची सगळी रीत मी प्रणालीत बांधली. उजवे फूल, डावे फूल, पुन्हा विचारणे. फूल न पडल्यास पंधरा मिनिटे थांबण्याची चहाची सोयही ठेवली. गावांना उपयोग होईल, असे मनाला समजावले आणि तुकडा 'कामवार'साठी प्रस्ताव म्हणून पाठवून दिला. या वेळी बसची पाटी दुसऱ्याकडून पूर्ण वाचून घेऊन मी बसलो.

संकेश्वर मागे पडले, दोन्ही बाजूंना ऊस लागला, आणि फोन वाजला. नव्या राखणदाराचे उत्तर होते.

"सर, काम देखणं झालंय. पण घेत नाही. कौल गावात लागतो, तो तिथंच लागू दे. आपण नुसतं उत्तर विचारायचं, असंच ठरलंय ना? प्रस्ताव बंद करते. शिवाय अठराव्या ओळीत चूक आहे. उजवं तुम्ही देवीसमोर उभं राहून धरलंय, म्हणजे तुमचं उजवं. इथं देवीचं उजवं धरतात. तुमच्या हिशोबानं देवी नाही म्हणाली, की होय निघेल."

बारा वर्षांत माझा तुकडा माझ्याच कोठीतून परत आला, असे कधी घडले नव्हते. वाईट वाटले, ते लपवत नाही. उत्तर मी पुन्हा वाचले. मग लक्षात आले की जे घ्यायचेच नव्हते, तेही तिने अठराव्या ओळीपर्यंत वाचले होते. आणि त्यापुढेही वाचले होते, कारण खाली आणखी दोन बारीक चुका नोंदवल्या होत्या.

मांडीवर लॅपटॉप उघडला. बस खड्ड्यांतून जात असल्याने दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमले. अठराव्या ओळीतले उजवे मी देवीच्या बाजूला केले, मग खालच्या दोन चुका सुधारल्या. प्रस्ताव बंद झालेला होता; तो मी पुन्हा उघडला नाही.